राखीची चढाई

वडनेर भोलजीच्या राखीचा खालचा ओठ जन्मापासून जाड, पुढे लोंबणारा. वरच्या ओठाला तो नीट टेकतच नसे. शाळेतलं चिडवणं तिनं अंगाला लावून घेतलं नाही. पण कॉलेजच्या कबड्डी संघात आल्यावर तिची खरी अडचण झाली. चढाईत ‘कबड्डी’तला ‘ब’ उमटायचा नाही आणि दम स्पष्ट नाही म्हणून पंच तिला बाद करायचे.

तालुक्याचा सामना असाच हरल्यावर ती थेट मळ्यात गेली. वडील, इंद्रभान, वांगी तोडत होते.

"बाबा, मले ओठाचं ऑपरेशन करा लागते."

"काऊन? लग्नाचं कोणी बोललं का तुले?"

"लग्नाचं नाई. मले खेळायचं हाय."

अकोल्याच्या सर्जननी ओठ दाबून, आतून उलटून पाहिला. "गाठ नाही, मांसच जास्त आहे. ओठाच्या आतल्या बाजूनं काढू, म्हणजे वण दिसणार नाही. पण मी बेतानंच काढणार. जास्त निघालं तर परत लावता येत नाही."

"लगेच बरा होईन?" राखीनं विचारलं.

"आधी सुजून आत्तापेक्षा मोठा दिसेल. काही आठवडे बधिर राहील, क्वचित कुणाचा थोडा बधिरपणा जातही नाही. जखम भरून मी सांगेपर्यंत मैदानावर जायचं नाही. चालेल?"

"हाव," राखी म्हणाली.

ओठच तेवढा बधिर केला होता. टाके पडताना ती जागीच होती. घरी आली तेव्हा आई, पुष्पाबाई, दारातच रडायला लागली. "हे काय करून आणलं वं पोरी!" आरशात पाहून राखीही घाबरली. चमच्यानं गार पेज गिळायची, ओढणीनं तोंड झाकून बसायची.

सूज हळूहळू उतरली. एका सकाळी चूळ भरताना दोन्ही ओठ एकमेकांना टेकले. ती जागीच थबकली, मग मोठ्यानं म्हणाली, "बाबा!" इंद्रभान हातातलं सोडून धावत आले. इतकी स्वच्छ हाक त्यांनी लेकीच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि पुढच्या हंगामात ती मोताळ्याच्या मैदानावर उतरली. शेवटच्या चढाईला पंच कान देऊन मागेमागे चालत होते. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." प्रत्येक ‘ब’ टणटणीत. तिघींनी तिला कमरेला धरलं. तिघींना ओढत ती मध्यरेषेवर पालथी पडली, हात पलीकडे टेकला.

पंचांनी तीन बोटं वर केली. मातीनं माखलेल्या तोंडानं राखी हसत सुटली.