उलट म्हणजे उलट

अडतीस पेपर आणि अडतीसच्या अडतीस चुकलेले! तेही एकाच प्रश्नात, एकाच जागी, एकाच पद्धतीने. गाढवंसुद्धा इतक्या शिस्तीत चालत नाहीत हो.

गठ्ठा घेऊन आला होता आमच्या शाळेचा मुख्याध्यापक. मी गणित शिकवायचो तेव्हा हा मैदानावर शिट्टी फुंकायचा. शिट्टीतून थेट खुर्चीत गेला. आता टाय लावतो. मी चौतीस वर्षं त्याच शाळेत घासली, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी अडलं की येतो माझ्याचकडे. अडला हरी, दुसरं काय.

"सर, गणिताचे शिक्षक दोन वर्षांपूर्वी सोडून गेले," तो म्हणाला. "तेव्हापासून दहावीचं गणित भाषेच्या बाई घेताहेत."

"भाषेच्या बाई! मग पोहायला शिकवायला सुतार ठेवा."

"माणूसच मिळेना, काय करू? सहा वर्षं झाली, बाई तात्पुरत्याच आहेत. या महिन्यात त्यांना कायम करायचं नाहीतर मोकळं करायचं. सराव परीक्षेचे पेपर बाहेरून तपासून आणले, तेव्हापासून पालक माझ्या दारात उभे आहेत. तुम्ही तज्ज्ञ म्हणून एक पान लिहून द्या, म्हणजे माझ्या डोक्याचा ताप जाईल."

ताप त्याच्या डोक्याचा आणि शाई माझी. पण 'तज्ज्ञ' म्हटलं की मी विरघळतो, हे त्या शिट्टीला पक्कं ठाऊक आहे.

प्रश्न अगदी साधा होता. y = 2x + 3 ही रेषा दिली. तिला समांतर आणि (4, 1) या बिंदूतून जाणारी एक रेषा काढा, आणि त्याच बिंदूतून जाणारी, तिला लंब असलेली दुसरी. समांतर रेषेचा चढ तोच राहतो, म्हणजे 2. ते सगळ्यांनी बरोबर केलं होतं. तेवढं तर आमचं मांजरही करेल. लंब रेषेला मात्र दोन गोष्टी कराव्या लागतात. चढाचा अंक उलटा करायचा, म्हणजे दोनच्या जागी एक छेद दोन, आणि चिन्हही बदलायचं. चढ येतो उणे अर्धा. या अडतीस विद्वानांनी नुसतं चिन्ह बदललं होतं. उणे दोन! y = −2x + 9, y = −2x + 9, पेपरामागून पेपर तेच. अक्षर कुणाचं मोत्यासारखं, कुणाचं कोंबडीच्या पायांचं, उत्तर मात्र एक.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मी म्हणालो.

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, ते स्वयंपाकघरात ऐकू गेलं. हात पुसत बाहेर आली.

"त्या बाईंशी बोललात का तुम्ही?"

"चूक दिसायला बोलावं लागत नाही."

"वडील अंथरुणावर आहेत त्यांचे. घरात कमावणारी ती एकटी. निदान भेटा तरी आणि मग लिहा."

"मी गणित तपासतो, वडील नाही," मी म्हणालो आणि तिथल्या तिथे पेनाने अहवाल लिहून टाकला. छापील पानावर 'त्रुटीचे मूळ' असा रकाना होता. त्यात लिहिलं: 'शिक्षिकेस विषयाचे मूलभूत ज्ञान नाही.' खाली लफ्फेदार सही ठोकली. हिने पान वाचलं आणि उलटं ठेवून आत गेली. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो. गठ्ठा परत करायचा, पान हातात द्यायचं आणि निघायचं, एवढाच बेत होता. पण त्या शिट्टीला नियमाची हौस. "बाईंचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं सर, तसा कागद लागतो." म्हणून शिक्षकांच्या खोलीत बसलो. नऊ वर्षांत तिथे काडी हललेली नव्हती. तेच लांब टेबल, तीच दार न लागणारी कपाटं, पंख्याची तीच कुरकुर. माझ्या खुर्चीवर कुणीतरी पिशव्या ठेवल्या होत्या.

बाई आल्या. चाळिशीच्या आतल्या, बारीक अंगाच्या, कोपरापर्यंत खडू लागलेला. हातात खाकी कव्हर घातलेली एक जुनी वही.

"बसू का सर?"

"बसा. हा प्रश्न तुम्ही वर्गात कसा शिकवलात?"

"समांतर तर सारखा, लंब तर उलटा," त्या म्हणाल्या. एका दमात, तालात, पाढा म्हणावा तशा.

ती ओळ माझी होती. चौतीस वर्षं मी ती वर्गाकडून घोकून घेतली. टेबलावर छडीचा ठेका असायचा आणि साठ तोंडं एका आवाजात ओरडायची.

"ही ओळ कुठे मिळाली तुम्हाला?"

"तुम्हीच दिलीत ना सर." त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. "मी तुमच्या वर्गात होते. बावीस वर्षं झाली. गणित घ्यायला सांगितलं तेव्हा मी भलती पुस्तकं नाही धुंडाळली. ही वही काढली. म्हटलं, सरांनी शिकवलंय तसंच शिकवायचं, म्हणजे चुकणार नाही."

ती हे टोमणा म्हणून बोलली असती तर मी सोलून काढली असती तिला. पण तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. माझी विद्यार्थिनी म्हणून अभिमान! मी वही उघडली. पानावर माझं उदाहरण होतं. y = x + 3 ला लंब रेषा काढा. चढ 1, म्हणून लंब रेषेचा चढ −1. खाली माझ्या लाल शाईत 'सुवाच्य' आणि सही.

त्या वर्षी हेच उदाहरण होतं. त्याआधीच्या वर्षीही हेच, आणि नंतरही. मी नेहमी चढ 1 घ्यायचो, कारण फळ्यावर अपूर्णांक मांडायचा मला कंटाळा. आणि एक हा अंक उलटा केला तरी एकच राहतो! म्हणजे नुसतं चिन्ह बदललं तरी उत्तर बरोबर येतं. शाळेचा पेपरही मीच काढायचो, त्यातही चढ एक. मी अख्ख्या गावाला छाती फुगवून सांगायचो, माझ्या वर्गात हा प्रश्न कुणाचा चुकत नाही. अरे, चुकेल कसा?

"पुस्तकात नियम दिलाय," मी म्हणालो. "दोन्ही चढांचा गुणाकार उणे एक. तो नाही पाहिलात?"

"पाहिला ना. तुमच्या उदाहरणाशी ताडूनही पाहिला. एक गुणिले उणे एक, बरोबर उणे एक. जुळलं."

"आणि पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तरांशी? ती तर जुळली नसतील."

बाई अवघडल्या. "नाही जुळली. मुलांनी विचारलंही. मी सांगितलं, छपाईची चूक असेल. तुम्हीच म्हणायचात सर, पुस्तकवाल्यांना काय कळतंय, निम्मी उत्तरं चुकीची छापतात."

म्हणायचो. रोज म्हणायचो. पुस्तकवाले मूर्ख, तपासनीस मूर्ख, पालक मूर्ख. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि ही बाई ते सगळं खरं मानून, खाकी कव्हर घालून, बावीस वर्षं जपत बसली होती.

मग मला समासात पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी दिसलं. बारीक अक्षर होतं, खोडायचा प्रयत्न केलेला. 'उलट म्हणजे चिन्ह उलट की अंक उलटा? सरांना विचारणे.' आणि त्याखाली, वेगळ्या पेन्सिलीने: 'चिन्ह बदलणे.'

"हे विचारलं होतंत मला?"

"जाऊ द्या ना सर. फार जुनं आहे."

"मी काय म्हणालो?"

बाईंनी खडू लागलेली बोटं पदराला पुसली. "तुम्ही म्हणालात, उलट म्हणजे उलट. आणि मला उलट विचारायचं नाही."

"आणि वर्ग?"

"वर्ग हसला. तुम्हीही हसलात. मग वर्षभर सगळे मला 'उलटी' म्हणायचे. आली बघ उलटी, गेली बघ उलटी." त्या कसनुशा हसल्या. "त्यानंतर गणितात मी हात वर केला नाही. भाषा घेतली. भाषेत कुणी हसत नाही."

मला तो दिवस आठवला असता तर बरं झालं असतं. नाही आठवला. असे कितीतरी दिवस, असे कितीतरी हात मी खाली पाडले, आणि प्रत्येक वेळी वाटलं की काय फटकळ बोललो मी, वा! लोक मला हुशार म्हणायचे. मी एक आळशी, तोंडाळ माणूस होतो आणि माझ्याकडे छडी होती, एवढंच. लाज वाटली, आणि ती लपवायला तोंडात एकही टोमणा येईना.

"खडू द्या," मी म्हणालो.

खोलीत फळा नव्हता. मी गठ्ठ्यातल्या एका पेपराच्या पाठीवर पेनानेच पायरी काढली. "ही तुमची रेषा. एक घर उजवीकडे जा, दोन घरं वर चढा. चढ दोन. बरोबर? आता कागद पाव वळसा फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखा." त्यांनी फिरवला. "रेषा काटकोनात वळली. आता तीच पायरी बघा."

त्यांनी पायरीवरून बोट फिरवलं. "जे दोन वर होते, ते आता उजवीकडे गेले," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि जे एक उजवीकडे होतं, ते खाली गेलं. म्हणजे दोन घरं पुढे, एक घर खाली. उणे अर्धा! सर, म्हणजे दोन्ही उलटतं. अंकही आणि चिन्हही!"

"दोन्ही."

"मग तेव्हा एवढंच सांगितलं असतंत तर?"

ती मला उलट विचारत होती. बावीस वर्षांनी, माझ्या तोंडावर.

घंटा झाली. "माझा दहावीवर तास आहे," बाई म्हणाल्या. कागद घेतला, वही टेबलावरच राहिली, आणि जवळजवळ पळत गेल्या. नोकरी राहणार की जाणार, विचारलंही नाही.

मी मुख्याध्यापकाच्या खोलीत जाऊन त्याला सगळं सांगितलं. ओळ माझी, उदाहरण माझं, चूक माझी. हो, माझी! आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून काढलं. तर हा पठ्ठ्या हात जोडतो.

"सर, केवढं मोठं मन तुमचं! एका बाईसाठी स्वतःवर घेताय. पण पालकांना मी काय सांगू? ते अहवालाचं पान द्या, मी पुढचं बघतो."

बघा! चौतीस वर्षं खोटा रुबाब केला, तो याने गिळला. एकदा खरं बोललो, तर याला औदार्य वाटलं.

पान मी लगेच दिलं नाही. पेन काढून 'शिक्षिकेस' हा एक शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'अहवाल लिहिणाऱ्यास'. बाकी वाक्य तसंच ठेवलं, विषयाचे मूलभूत ज्ञान नाही. सही होतीच. मग पान त्याच्या हातात ठेवलं.

"या, जरा," मी त्याला म्हणालो आणि व्हरांड्यातून दहावीच्या वर्गापर्यंत ओढत नेलं. दार उघडं होतं. बाईंनी फळ्यावर पायरी काढली होती, आणि अडतीस जण आपापल्या वह्या पाव वळसा फिरवत होते. एकच गलका चालला होता. माझ्या वर्गात असा आवाज कधी झाला नाही.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. आवाज चांगला चढलेला. "पण बाई, तुम्ही तर सांगितलं होतं फक्त चिन्ह बदलायचं! आमचे मार्क गेले त्यात!"

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला, उलट बोलायचं नाही. माझ्या शेजारी शिट्टी श्वास रोखून उभी होती. आपल्या भाकरीचा निकाल दारात उभा आहे, हे बाईंनीही पाहिलं होतं. त्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं.

"मी चुकीचं शिकवलं होतं," त्या मुलीला म्हणाल्या. "मला आज कळलं. तू विचारलंस ते बरं केलंस. ये, पुढचं तू सोडव."

माझं नावसुद्धा घेतलं नाही. घेता आलं असतं.

मुलगी फळ्याकडे आली. मुख्याध्यापकाने मी दिलेलं पान दोनदा वाचलं, टाय सैल केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, हे असलं पान मी कुणाला दाखवू? आता बाईंचं करायचं तरी काय?"

"कायम करा," मी म्हणालो. "मला नव्हतं ठेवलंत, चौतीस वर्षं?"