मिठाखालची माती

केवळाबाईचा कुणावरच भरवसा नव्हता, आणि दिरावर तर मुळीच नाही. रामकिशन बांध कोरतो, हे ती गावभर सांगे. कोरत होता की नाही, ते त्या बांधालाच ठाऊक.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्यात माती तपासायची प्रयोगशाळा आली, पाऊस मात्र आला नाही. चाकूरजवळचा त्यांच्या गावचा तलाव पार आटला. त्यातला काळा गाळ सगळ्यांना पुरणारा नव्हता. ज्यांच्या मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्याशेणाचा कस, कमी निघेल त्यांनाच तो मिळणार होता. केवळाबाईचं रान मुरमाड. गाळ पडला तर पुढच्या साली ज्वारी, नाहीतर लोकांच्या रानात खुरपं.

म्हणून तपासणीचा नमुना तिनं जिवापाड जपला. रामकिशन त्यात शेणखत कालवून कर्ब फुगवील आणि गाळ स्वतःकडे ओढील, अशी तिला धास्ती. नमुना गोळा करणारा माणूस येईपर्यंत तिनं तो असा काही लपवला की वाऱ्यालाही सापडू नये.

अहवाल आला तो उलटाच. कर्ब भरपूर, गाळ नामंजूर. चारचौघांत तिनं रामकिशनला चोर म्हटलं. तो पाठ फिरवून बैलांना वैरण टाकायला गेला, म्हणून तिला जास्तच खात्री पटली. मग उरलेली माती फडक्यात बांधून तिनं लातूरची एसटी धरली.

प्रयोगशाळेतला विरूपाक्ष तिच्याहून संशयी. पैसे खाल्ले असं पुढे कुणी म्हणू नये, म्हणून त्यानं तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा तपासणी केली. मातीवर नारिंगी द्रावण, त्यावर जहाल आम्ल. मातीतला कर्ब ते नारिंगी द्रावण खातो. उरेल ते दुसरं द्रावण थेंबथेंब सोडून मोजायचं. थोड्याच थेंबांत रंग हिरवा झाला. म्हणजे नारिंगी द्रावण थोडंच उरलं होतं, कर्ब भरपूरच. पण इतक्या फिकट मातीत? बाईनंच काही कालवलं असेल, असं त्याच्या मनात आलं. पण स्वतःचा गाळ घालवायला कोण कालवील?

माती ठेवली कुठं होती, असं त्यानं विचारलं. तिला ते सांगणं जिवावर आलं.

“मिठाच्या मडक्यात. वर मीठ पसरलं व्हतं, भावजीला दिसू न्हाई म्हून.”

विरूपाक्षानं माती पाण्यात ढवळून गाळली आणि त्या पाण्यात चांदीच्या क्षाराचे थेंब सोडले. पाणी ताकासारखं पांढरं झालं.

“पांढरं झालं म्हणजे मातीत मीठ उतरलंय. मीठसुद्धा ते नारिंगी द्रावण खातं, बाई. तुमच्या मातीत दुसऱ्या कुणी काही कालवलं नाही.”

केवळाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विरूपाक्षानं स्वतः रानात येऊन नवा नमुना घेतला. कर्ब कमी निघाला, गाळ मंजूर झाला. पण दुष्काळात बहुतेकांनी बैल विकले होते. गावात गाडी जुंपण्याजोगी बैलजोडी उरली होती ती रामकिशनची.

ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. चुकले म्हणायचं ठरवून आली होती, पण तोंडून निघालं ते गाळाचंच. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि गाडी जुंपली. तलावात दोघांनी मिळून गाळ भरला. ती गाडीमागून चालू लागली, तेव्हा त्यानं बैल थांबवले.

“वर बसा, वैनी. न्हाईतर वाटंत गाळ बदलला म्हनाल.”

ती गाळावर बसली. बांध आला तशी तिची नजर सवयीनं तिकडे वळली, आणि लाजून तिनं ती खाली घातली.