थाप

टाळी वाजली, तसं मकबूलचाचांनी कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण मांडीवर आडवं घेतलं आणि उजवा हात कपाळाला लावून सलाम केला.

ऐश्वर्या फिसकन हसली. "चाचा, पुन्हा तेच! टाळी तुमच्यासाठी न्हाई हो. माझ्या मोबाईलमधलं चित्र अन् इशरतच्या रेकॉर्डरमधला आवाज नंतर जुळवाया लागते ती."

"व्हय बेटा. थाप पडल्यागत वाटतं अन् हात आपसूक जातो," चाचा ओशाळले.

हट्टा गावाच्या पंचक्रोशीत लग्नाची गादी भरून झाली की घरची थोरली बाई तिच्यावर तळहाताची थाप मारायची. काम पसंत पडल्याची ती खूण. मग पिंजाऱ्याने सलाम करायचा, आणि बायकांनी गळा मोकळा करायचा :

पिंजारीदादा रे, कापसाचा कर ढग
लेकीच्या गादीमंदी भर माहेराची धग

पुढे यंत्र आलं, फोमच्या गाद्या आल्या. पिंजण खुंटीला गेलं. ते आता खाली उतरलं होतं लेकीसाठी, इशरतसाठी. वसमतच्या कॉलेजात तिला माहितीपट करायचा होता आणि सरांनी चिठ्ठ्या टाकून तिची जोडी ऐश्वर्याशी लावली होती. दोघींचं पहिल्या दिवसापासून वाकडं.

"चाचांचा खोकलाच येऊन राहिला तुझ्या आवाजात," ऐश्वर्या म्हणाली. "काढ तो."

"न्हाई काढणार. उमरभर कापूस गिळलाय माझ्या अब्बानं."

"मंग परीक्षक काय दवाखान्यात बसलेत?"

"तू चित्र बघ तुझं. आवाज माझा हाय."

चाचांनी पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळा मारला. ढुंग… ढुंग… कापूस उडाला, आणि त्या पांढऱ्या धुक्यात दोघी पोरी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

त्याच आठवड्यात ऐश्वर्याने रील टाकली. टाळी, सलाम, टाळी, सलाम, मागे बँडबाजा. वर लिहिलेलं, 'टाळी वाजवा, सलाम मिळवा'.

चाचांकडे साधा फोन. त्यांना काय माहीत? ते एसटीच्या थांब्यावर उतरले तर पानटपरीवरून टाळी आली. त्यांनी वळून सलाम केला. पोरं खिदळली. दुसरी टाळी हॉटेलातून आली, तिलाही सलाम गेला. कुणीतरी शिट्टी मारली. चाचा हसले, कुणाचं लग्न जमलं असेल म्हणून. शेवटी चहावाल्या शेषरावने त्यांना बाजूला घेतलं आणि स्वतःच्या मोबाईलवर दाखवलं.

चाचांनी ते पुरतं पाहिलं. "बराबर," एवढंच म्हणाले आणि हात खिशात घालून घरी आले.

इशरतने रेकॉर्डर पेटीत घालून कुलूप लावलं.

प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या दिवशी ऐश्वर्या चाचांच्या दुकानापाशी आली. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आवाज दे."

"बेंडबाजा लाव की. तुला त्योच शोभतो."

"रील कवाच काढून टाकली मी. अजून किती ताणतीस?"

"तू काढली. गावानं काढली काय?"

"नापास तू बी व्हशील."

"होऊ दे. पण अब्बाचा आवाज तुझ्या हाती देणार न्हाई."

चाचा कोपऱ्यात बसून उशीला टाके घालत होते. दोरा दातांनी तोडून म्हणाले, "दे बेटा तिला."

"अब्बा!"

"अर्धी भरलेली गादी कुणी नेतं का? मी काम केलंय. ते पुरं दिसू दे." मग ऐश्वर्याकडे न बघता, "त्या सलामाचं तेवढं ठेवू नको, बाई."

आजवर ते तिला बेटा म्हणत होते.

"टाळी कापतातच शेवटी," ऐश्वर्या पुटपुटली. "ती जोडण्यापुरतीच असते."

इशरतने पेटी उघडली. रेकॉर्डर हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला.

कॉलेजात पडदे ओढले, फिल्म सुरू झाली. मागच्या बाकावर चाचा धुतलेला सदरा घालून बसले होते. पडद्यावर तात थरथरली, ढुंग… ढुंग… आणि ठोकळ्याचा प्रत्येक घाव आवाजाशी बरोब्बर जुळून आला. कापसाचा ढग वर चढला. मधे खोकला आला. तो कापलेला नव्हता. शेवटी गादी भरून झाली, चाचांनी तिच्यावरून हात फिरवला आणि चित्र विझलं.

मग सरांनी टाळी वाजवली. मागोमाग सगळा वर्ग. पुढच्या बाकांवर कुणी हसलं की कुणी डोळे पुसले, अंधारात काही कळत नव्हतं.

पहिल्या बाकाच्या एका टोकाला ऐश्वर्या होती, दुसऱ्या टोकाला इशरत. कुणी खिडकीचा पडदा सारला, तसं इशरतने मागे वळून पाहिलं.

टाळ्या थांबत नव्हत्या. चाचा समोरच्या विझल्या पडद्याकडे बघत ताठ बसले होते. उजवा हात त्यांनी मांडीवर, डाव्या हाताखाली घट्ट दाबून धरला होता.