उतरली की ये

लिव्हर गेलेल्या माणसाच्या बायकोला कुणी आजार विचारत नाही. "घ्यायचे का?" एवढंच विचारतात. मी ठासून "नाही" म्हणायचे, आणि माझा माझ्यावरच विश्वास नसायचा.

कारण ती फाइल. नागपूर सोडून बंगळूरला, सर्जापूर रोडला आलो त्याला पाच महिने झाले होते. पोट दुखतं म्हणून योगीराज एकटाच दवाखान्यात गेला आणि फाइल घेऊन आला. त्यात छापलं होतं : मद्यपान, रोज, थोडे. तो आईची शपथ घेऊन सांगत होता, थेंबही नाही. मी म्हटलं, "मग डॉक्टरला काय स्वप्न पडलं?" गोड खाणं आणि बारा तास खुर्ची, एवढीच त्याची व्यसनं मला माहीत होती. पण छापलेल्या कागदाला मी नवऱ्याहून जास्त मानलं. त्या दिवसापासून तो बाहेरून आला की मी जवळ जाऊन वास घ्यायचे. त्याला ते कळायचं. तो गुपचूप तोंड पुढे करायचा.

मग तो रविवार. दुपारी चारला तो भिंत धरत धरत हॉलमधून आला. जीभ जड झालेली, तोंडाला गोडसर, कुबट वास. सापडला एकदाचा, असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. मी बेडरूममध्ये जाऊन कडी लावली. त्याने टकटक केली, "वासंती" म्हणून हाक मारली. मी आतून म्हटलं, "उतरली की ये."

कडी काढली तेव्हा सहा वाजले होते. तो दाराशीच पडला होता. हॉस्पिटलमध्ये म्हणाले, लिव्हर बंद पडताना श्वासाला असाच वास येतो, माणूस असाच बरळतो. लवकर आणायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला. तरी मनात होतंच, मुळात प्यायलाच कशाला.

चौदाव्या दिवशी शेजारच्या कृष्णाबाई कॉफी घेऊन आल्या. त्या मूळच्या बेळगावकडच्या. सवयीने म्हणाल्या, "कुडीतीरा?"

"म्हणजे?"

"पिणार का गं. कॉफी म्हण, दारू म्हण, कन्नडात एकच शब्द. योगीराजला तेवढंच येत होतं बघ. रोज सकाळी मी विचारायची, आणि तो ऐटीत म्हणायचा, दिना स्वल्प, अक्का. रोज थोडी."

मी उठून फाइल काढली. रोज, थोडे. डॉक्टरनेही कन्नडातच विचारलं असणार, आणि याने कॉफीचं उत्तर दिलं होतं.

आता रोज चारला दारावर टकटक होते. उघडते तर कुणी नसतं, नुसता तो गोडसर वास. मी तोंड पुढे करते, त्याने वास घ्यावा म्हणून.

"ये," मी म्हणते. "उतरली माझी."