अठरा इंच पाठ

डेल्मर हॉगेन चौसष्ट वर्षांचा होता आणि त्याची पाठ वीस इंच लांब होती. यातलं वय खरं होतं, सरकारी कागदावर होतं. पाठीचं माप चाळिशीत खरं होतं, आणि त्यानंतर ते कुणी घेतलंच नव्हतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तो शिकारीच्या सामानाच्या दुकानात शिरला तेव्हा मागोमाग लॉनी पेटीग्रूही शिरला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण दुसरा माणूस खिशात हात घालत असला की ते बघायला लॉनीला कधी वेळ कमी पडायचा नाही. दोघंही अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या एकाच खोऱ्यात जन्मलेले. मोठ्या सांबरासारख्या एल्कच्या शिकारीच्या हंगामातले दहा दिवस एकाच तंबूत झोपायचं, हे तीस वर्षं चालू होतं.

काउंटरमागे मार्लिस होती. डेल्मरच्या थोरल्या भावाची, आर्विडची मुलगी. आर्विड जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याची तंबूतली जागा आता मार्लिस चालवायची, आणि झाडून सगळ्यांपेक्षा बरी चालवायची.

"या काका," ती म्हणाली. "काय दाखवू?"

"सॅक. फ्रेमवाली. मांस वाहायची."

"आणि जुनीला काय झालं?"

"फ्रेम वाकली."

"गेल्या वर्षी वाकली," लॉनी मागून म्हणाला. "नेमकी चढावर वाकली. आम्ही तंबूत पोचून, जेवून, भांडी घासून बसलो, तेव्हा हा आला. म्हणाला, फ्रेम वाकली. मी बघितली, मला तर सरळच दिसली. पण माझे डोळे म्हातारे."

"तुझी जीभ नाही झाली अजून म्हातारी."

"बघ हं डेल. नवी घेतलीस की सबब जुनी चालायची नाही."

लॉनी हसत म्हणाला, पण बोलला ते नेमकं मर्मावर. डेल्मरला रात्र-रात्र खात होतं ते हेच. कारण त्या तंबूचा एक नियम होता, आणि तो नियम दुसऱ्या कुणी नाही, डेल्मरनेच पहिल्या वर्षी घातला होता. जो एल्क पाडेल त्याने त्याची मागची तंगडी हाडासकट, एकट्याने, आपल्या पाठीवर तंबूपर्यंत आणायची. तंबूसमोरच्या आडव्या ओंडक्याला काटा टांगलेला असे, त्यावर ती तोलायची आणि आकडा वहीत लिहायचा. ज्याला आणता आली नाही, त्याने पुढच्या वर्षी बंदूक घरी ठेवायची आणि चूल सांभाळायची. "ज्याच्या पाठीवर मांस नाही, त्याच्या खांद्यावर बंदूक नाही," असं डेल्मर म्हणायचा. नियम करताना तो चौतीस वर्षांचा होता. चौतिसाव्या वर्षी माणूस फार छान नियम करतो.

वही त्याच्याकडेच असे. तीस वर्षांत एक खाडाखोड नाही.

मार्लिसने टेप काढली. "पाठ इकडे करा. मान खाली."

मान वाकवली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत सॅकचं माप घेतात. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते, बुटक्याची लांब. हे हाडांचं काम आहे, दिसण्याचं नाही. मार्लिसने एक बोट मानेवर ठेवलं, दुसरं कमरेवर, आणि टेप ताणली.

"अठरा."

"वीस," डेल्मर म्हणाला.

"अठरा भरतेय, काका."

"अगं, माझी वीस आहे. कायमची वीस आहे. पुन्हा बघ."

तिने पुन्हा बघितलं. "अठरा. माणूस बसतो खाली थोडा. मणके बसतात. मधल्या मापाची घ्या, तुमच्या—"

"मधली?" लॉनी म्हणाला. "मधली तर माझी बायको वापरते."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती वळली. लॉनी नसता तर डेल्मरने मधली घेतली असती की नाही, हे कुणी सांगावं? पण लॉनी होता, आणि बंदुकांच्या कपाटाला टेकून आरामात उभा होता.

"मोठी काढ," डेल्मर म्हणाला.

मार्लिस त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. त्या बघण्यात काय होतं ते डेल्मरने तेव्हा मोजलं नाही. मग तिने मोठी सॅक काढली, आत वीस-वीस पौंडांच्या वाळूच्या दोन पिशव्या घातल्या आणि ती त्याच्या पाठीवर चढवली. कमरपट्टा आवळला. खांद्यावरचे पट्टे खांद्यावर टेकलेच नाहीत. वर दोन बोटं हवा राहिली. त्या फटीतून तिने हात घालून दाखवला.

"हे बघा. ही फट राहता कामा नये. वजन मागे ओढेल."

डेल्मरने खांद्याचे पट्टे खसकन खाली ओढले. फट गेली. कमरपट्टा मात्र हाडावरून उठून पोटावर आला. आरशात हे दिसत होतं, पण डेल्मर छातीकडे बघत होता. बूट आणि टोप्यांच्या मधून तो वीस पावलं गेला, वीस पावलं आला.

"मस्त. पिसासारखी."

"आणखी एक पिशवी घालू? साठ करून बघा. जिना चढून बघा."

"कशाला? मी काय नवखा आहे?"

"नाही," मार्लिस म्हणाली. "तुम्ही मागितली तीच देते." तिने खोकं पुढे सरकवलं. "महिन्याभरात परत आणलीत तर घेईन. फक्त रक्त लागायला नको. रक्त लागलं की दुकान परत घेत नाही."

"रक्त लावायलाच घेतोय," डेल्मर म्हणाला. लॉनी हसला. मार्लिसही हसली, म्हणजे तोंड तेवढं हसलं.

हंगामाच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, डेल्मरने नर पाडला. गोळी एक, नेम चोख. बरोबर मार्लिस होती. लॉनी डोंगराच्या दुसऱ्या धारेला गेला होता. दोघांनी कातडं काढलं, तंगड्या सुट्या केल्या, उरलेलं मांस पिशव्यांत भरून सावलीत टांगलं. घोड्याएवढं जनावर. पाडायला एक बोट लागतं, आणायला दोन दिवस.

"हाड काढू या का?" मार्लिसने विचारलं. "पंधरा-वीस पौंड कमी होतील."

"तंबूचा नियम ठाऊक आहे ना?"

"मला आहे," ती म्हणाली.

मागची तंगडी तिने उचलून फ्रेमला बांधून दिली. स्वतः पुढची घेतली. तंबू तिथून दोन मैल, मध्ये एक ओढा आणि एक चढ. पहिला अर्धा मैल उताराचा होता, तो डेल्मरने शीळ घालत काढला. मग जमीन सपाट झाली आणि शीळ थांबली. चढ लागल्यावर सॅक मागे ओढू लागली. पावलागणिक कुणीतरी कॉलर धरून खेचावं तशी. त्याने खांद्याचे पट्टे आवळले; कमरपट्टा पोटावर चढला आणि सगळा भार खांद्यांवर आला. पट्टे सैल सोडले की पुन्हा मागे ओढ. आवळा, सोडा. बोटं बधिर झाली. घशात लोखंडाची चव आली.

ओढ्यावर एक आडवा ओंडका पडला होता. त्यावरून पाय टाकताना सॅक एका बाजूला झुकली आणि डेल्मर उताणा पडला. पाठीखाली तंगडी, वर आभाळ, हातपाय हवेत. दोनदा उठायचा प्रयत्न केला. उलटलेल्या कासवाला जेवढं जमतं तेवढंच जमलं.

मार्लिस आली. आधी आपलं ओझं खाली ठेवलं. मग त्याच्या छातीवरची कडी सोडवली, मग कमरेची. घाईत नाही. तो कुशीवर वळून बसला आणि खूप वेळ नुसता श्वास घेत राहिला.

"तुला दुकानातच ठाऊक होतं," शेवटी तो म्हणाला.

"मी अठरा म्हटलं होतं, काका. दोनदा म्हटलं. दुकानभर ऐकू गेलं."

"मग हट्ट धरायचास! तुझं काम आहे ते!"

"बाबांच्या वेळी तुम्ही धरला होता?"

डेल्मरने तिच्याकडे बघितलं नाही. कशाबद्दल बोलतेय ते दोघांनाही ठाऊक होतं; आर्विडने घरी सगळं सांगितलं होतं. आठ वर्षांपूर्वी आर्विडने नर पाडला होता. गुडघा सुजलेला, तंगडी वाटेत सोडावी लागली. मांसाचा एक तुकडा तेवढा कापून घेऊन आला. काट्यावर तीस पौंड भरले. आर्विड धाकट्या भावाजवळ वाकून हळूच म्हणाला होता, "सत्तर लिही की रे. कोण बघतंय?" आणि डेल्मरने तंबूभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं, "वही बघते." मग लिहिलं: आर्विड, तीस, चूल. पुढच्या वर्षी आर्विडने दहा दिवस चूल सांभाळली. पहिल्याच सकाळी डेल्मर म्हणाला, "ही कॉफी आहे की भांडी धुतलेलं पाणी?" सगळे खो-खो हसले, आर्विडही हसला. त्यानंतर तो तंबूत आला नाही, आणि दोन वर्षांनी गेलाच. अंत्यविधीला डेल्मर म्हणाला होता, तंबूला असा स्वयंपाकी पुन्हा मिळायचा नाही. मार्लिस तेव्हा पहिल्या बाकावर बसली होती.

"उठा," ती म्हणाली. "ऊन डोक्यावर येतंय, मांस तापेल."

आपल्या वाट्याची पुढची तंगडी तिने फांदीला टांगली, नंतर न्यायला. मागची स्वतःच्या फ्रेमला बांधली. तिची सॅक मधल्या मापाची होती. कमरपट्टा हाडावर बसला तो बसला. दोन्ही बंदुका आणि नवी रिकामी सॅक घेऊन डेल्मर मागून चालत राहिला. ती एकदाही थांबली नाही. तीस वर्षांत त्याने पुष्कळांची चाल पारखली होती. इतकी चांगली चाल त्याने स्वतःची सोडून कुणाची मान्य केली नव्हती. आता मान्य करायला वेळच वेळ होता.

तंबूचा धूर दिसायला लागला तशी ती देवदारासारख्या एका फर झाडाच्या आडोशाला थांबली.

"घ्या आता."

"काय?"

"तंगडी. इथून शंभर पावलं आहेत, आणि सपाटी आहे. लॉनी परत आलाय, चुलीशी बसलाय."

डेल्मरला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि कानामागे ऊन लागल्यासारखं झालं. नाही म्हणायला एक क्षण पुरे होता. तो क्षण त्याच्याजवळ होता, त्याने तो हातात धरून बघितला, आणि पाठ वळवली. तिने तंगडी त्याच्या फ्रेमला बांधली. रक्त नव्या कापडावर पसरलं.

शंभर पावलं तो ताठ चालला.

"आला रे आला!" लॉनी ओरडला. "बघा, फ्रेम नाही वाकली! आण इकडे, तोलू दे." तंगडी काट्याला लागली. "अठ्ठ्याहत्तर! अठ्ठ्याहत्तर, चौसष्टाव्या वर्षी! म्हाताऱ्या, मी उगाच तुझ्यावर तोंड टाकत होतो. खरंच, माफ कर." आणि लॉनीने त्याचा हात हातात घेऊन हलवला. तीस वर्षांत लॉनीने कुणाची माफी मागितलेली नव्हती. ती मागितली, तीही चुकीच्या पत्त्यावर.

वही तंबूच्या खांबाला खिळ्याला टांगलेली होती. मार्लिसने ती काढली, डेल्मरच्या मांडीवर ठेवली, पेन्सिल दिली.

"लिहा काका. अठ्ठ्याहत्तर."

"तू—"

"बाबांनी मागितलं होतं तेच तुम्हाला देतेय," ती इतक्या हळू म्हणाली की लॉनीला ऐकू गेलं नाही. "त्यांना सत्तर हवे होते. तुम्हाला आठ जास्त."

डेल्मरने लिहिलं. नाव, वर्ष, मागची तंगडी, अठ्ठ्याहत्तर. मार्लिसने वही परत घेतली, आठ पानं मागे उलटली, तिथे थोडा वेळ बघत राहिली, मग पुन्हा पुढचं पान.

"अक्षर तेच आहे," ती म्हणाली, वही खिळ्याला अडकवली आणि फांदीवरची तंगडी आणायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी चूल पेटलेली बघून लॉनी झोपायच्या पिशवीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "डेल? तू कशाला उठलास? काल अठ्ठ्याहत्तर आणलेस, आज झोप की. कॉफीची पाळी माझी आहे."

"असू दे."

"पुढच्या वर्षीही एवढंच आणणार ना?"

डेल्मरने लाकूड आत सारलं. "पुढच्या वर्षी बघू. पाठ धरलीय जरा."

लॉनीने कप घेतला, फुंकर मारली आणि प्यायला; माफी मागून झालेला माणूस दुसऱ्याच्या कॉफीला नावं ठेवत नाही. मार्लिस बूट चढवून आली. तिने एक घोट घेतला, तोंडात थोडा वेळ धरला.

"पातळ झालीय," ती म्हणाली. "बाबांची याहून घट्ट असायची."

मग तिने बंदूक उचलली आणि उरलेलं मांस आणायला ती डोंगराकडे चालू लागली. डेल्मर चुलीपाशी बसून राहिला. मांस आणायला चल, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.