तीन तास बावीस मिनिटं

टेलिफोन खात्यात बाईंनी एकतीस वर्षं काढली, त्यातली अठरा ट्रंककॉलच्या बोर्डावर. कानाला हेडफोन, समोर घड्याळ, हातात चिठ्ठी. कॉल कधी मागितला, कधी जोडला, कधी तुटला, सगळं टिपायचं. पलीकडचा माणूस बोलायला लागला की मगच मिनिटं धरायची. नुसती घंटी वाजत राहिली तर गिऱ्हाइकाला एक पैसा लावायचा नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. तीन मिनिटं भरली की त्या लाइनवर तसं सांगत, म्हणून ऑफिसात त्यांचं नावच 'तीन मिनिटं' पडलं होतं. नवे आलेले लोक तर त्यांना खरंच तशी हाक मारत.

त्यांचे यजमान कपडे शिवायच्या दुकानात कटर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. गेल्या वर्षी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू ताळ्यावर आला, पण बोलणं गेलं. समजत सगळं होतं, मनात शब्दही असायचा, तोंडातून मात्र दर वेळी एकच बाहेर पडायचा: "कात्री." चहा हवा, कात्री. पंखा बंद कर, कात्री. शेजारीण भेटायला आली तेव्हा त्यांनी हात जोडून हसत "कात्री" म्हटलं, तर ती बिचारी दोन पावलं मागे सरली. बाई तिच्यासमोर पोटभर हसल्या, आणि ती गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

जवळपास बोलायला शिकवणारं कुणी नव्हतं. परगावी नोकरीला असलेल्या मुलानं ऑनलाइन सेवा शोधून काढली. दहा तास आधी विकत घ्यायचे, आठवड्यातून दोनदा टॅबलेट उघडून बसायचं, मग पडद्यावर थेरपिस्ट येणार. धडा पाऊण तासाचा. पैसे बाईंच्या पेन्शनमधून.

थेरपिस्ट म्हणजे विशीतली मुलगी, पण चिकाटी म्हाताऱ्या माणसाची. एकेका अक्षरासाठी ओठ कसे मिटायचे, जीभ कुठं लावायची, हे ती वीस-वीस वेळा करून दाखवायची. तिसऱ्या आठवड्यात मास्तर "पाणी" म्हणाले. बाईंनी न मागता तीन पेले आणून ठेवले.

आणि पाचव्या आठवड्यात पडद्यावर अक्षरं आली: आपले तास संपले आहेत.

बाई थबकल्या. दहा तासांत पाऊण तासाचे तेरा धडे बसायला हवेत. झाले होते नऊ.

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, अगं मध्येमध्ये लाइन तुटते, थोडं इकडंतिकडं होणारच. कशाला डोकं लावतेस?"

"डोकं लावायचाच मला पगार मिळायचा," बाई म्हणाल्या. पण धडे थांबवायचे नव्हते. त्यांनी आणखी दहा तास घेतले, आणि या वेळी मांडीवर वही ठेवली.

टॅबलेट कधी उघडला. गोल चक्र किती फिरलं. ती मुलगी कधी दिसली. लाइन कधी तुटली, कधी जुळली. धडा कधी संपला. दर वेळी कंपनीनं किती मिनिटं कापली. जुन्या चिठ्ठ्यांसारखेच रकाने, तसंच गिचमिड पण चोख अक्षर. चार धड्यांत गोम सापडली. कंपनीचं घड्याळ टॅबलेट उघडला की सुरू व्हायचं. चक्र फिरत असताना चालू, लाइन तुटली तरी चालू, आणि शेवटी आकडा वरच्या पाव तासाला नेऊन ठेवायचा. एक्कावन्न मिनिटांचे साठ.

हेही दहा तास नऊ धड्यांतच संपले. प्रत्यक्ष बोलणं झालं होतं सहा तास अडतीस मिनिटं. तीन तास बावीस मिनिटं हवेत गेली होती.

शेवटच्या धड्याला बाईंनी त्या मुलीला सरळ विचारलं, "पोरी, तुला तरी या सगळ्या वेळाचे पैसे मिळतात का गं?"

ती कॅमेऱ्याकडं बघायची थांबली. "काकू, आम्हाला फक्त समोरासमोर बोललेल्या मिनिटांचे मिळतात. मागच्या धड्याचे मला त्रेचाळीस मिनिटांचे मिळाले."

"आमचे साठ कापलेत."

मग ती हळूच म्हणाली, "माझं नाव नका घेऊ. माझी ताई बाळंतपणाला आलीय, घर माझ्यावर चाललंय."

"तुझं नाव मला माहीतच नाही असं समज."

बाईंनी कंपनीला पत्र लिहिलं, सोबत वहीच्या पानांचे फोटो. उत्तर आलं: सिस्टीममध्ये दिसते तीच वेळ अंतिम. दुसरं पत्र, तेच उत्तर. तिसऱ्या पत्राला तेच उत्तर आलं, फक्त वर 'प्रिय' लागलं होतं. चौथ्या पत्रानंतर मात्र एका साहेबानं टॅबलेटवर भेट ठरवली. इस्त्रीचा शर्ट, मागे खोटं पुस्तकांचं कपाट.

"मॅडम, आपली काळजी आम्ही समजू शकतो," त्यानं सुरुवात केली.

"आधी हे सांगा, ही भेट कुणाच्या तासांत धरलीय?"

साहेब कसनुसं हसला. "ही मोफत आहे. मॅडम, आमचं घड्याळ आंतरराष्ट्रीय दर्जाचं आहे. हाताने लिहिलेली वही..."

"माझ्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर अठरा वर्षं लोकांनी बिलं भरली. मला एवढंच सांगा, शिकवणाऱ्यांना तुम्ही कोणत्या घड्याळानं पैसे देता? याच?"

साहेबाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे खाली गेले. "ती अंतर्गत बाब आहे."

"म्हणजे घड्याळं दोन आहेत."

त्यानं सूर बदलला. दोन तास मोफत देतो म्हणाला, लगेच, आजच. फक्त 'माझी तक्रार उरलेली नाही' या चौकोनात एक खूण करायची. नाहीतर, तो जरा थांबून म्हणाला, कंपनीला हे खातं पुढं चालू ठेवणं कठीण जाईल.

बाईंनी मनात हिशेब केला. दोन तास म्हणजे दोन धडे तरी. पलीकडं खुर्चीत मास्तर बसले होते, तीन महिन्यांपूर्वी पाणी मागता येत नव्हतं तो माणूस. बाईंचं बोट चौकोनाकडं गेलं.

मास्तरांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. चेहरा लाल झाला, जीभ वरच्या दातांमागे जाऊन अडली, मानेची शीर ताठ झाली.

"न... न... नाही."

साहेब म्हणाला, "काय म्हणाले ते?"

"नाही!" मास्तर ओरडले. आणि पुढं पुष्कळ काही म्हणायचं असावं, पण बाहेर पडलं ते "कात्री!" एवढं म्हणून त्यांनी टॅबलेट पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी खातं बंद झालं. मुलगा फोनवर तापला. "आई, तुझ्या हट्टापायी बाबांचं शिक्षण थांबलं! घेऊन टाकायचे ना दोन तास."

"मी घेणारच होते. तुझे बाबा नाही म्हणाले."

"नाही म्हणाले म्हणजे? मान हलवली?"

"तोंडानं म्हणाले. दोनदा."

मग मुलगा घसा खाकरून म्हणाला, "त्या वहीचे फोटो मला पण पाठव. ग्राहक तक्रार कार्यालयाचा अर्ज मी भरतो."

मधले चार महिने बाईंनी स्वतःच शिकवलं. बघून बघून त्यांना येऊ लागलं होतं. आरशासमोर दोघं शेजारी बसून ओठांचा चंबू करत. त्यांना जमेल तेवढं, तज्ज्ञाची सर नव्हती. मास्तर चिडत, उठून जात, पुन्हा येऊन बसत. 'नाही' मात्र पक्कं झालं होतं आणि ते त्याचा सढळ वापर करत, विशेषतः दुधी भोपळ्याच्या बाबतीत.

तक्रार कार्यालयानं कंपनीकडून शिकवणाऱ्यांच्या मानधनाची नोंद मागवली. बाईंच्या वहीशी ती ताडली, तर नऊ धड्यांत मिळून फरक निघाला एका मिनिटाचा. तीन तास बावीस मिनिटांचे पैसे पंधरा दिवसांत परत करा, असा आदेश झाला. पैसे आले. घड्याळ मात्र कंपनीनं बदललं नाही. हे एकच प्रकरण होतं, असं तिनं लिहून दिलं.

महिन्याभरानं बाई आणि मास्तर पुन्हा त्याच कार्यालयात हजर. अधिकारीण चष्मा वर करून म्हणाली, "आजी, तुमचे पैसे मिळाले ना? आता काय राहिलं?"

बाईंनी पिशवीतून एकामागून एक सात वह्या काढून टेबलावर ठेवल्या. मुलानं त्याच सेवेची गिऱ्हाइकं शोधली होती, आणि रकाने कसे आखायचे ते बाईंनी प्रत्येकाला फोनवर शिकवलं होतं. एक वही तोतऱ्या मुलीच्या आईची, एक घशाचं ऑपरेशन झालेल्या ड्रायव्हरची. सातवी त्या थेरपिस्टची होती. नोकरी सोडून तिनं ती स्वतः पाठवली होती, आणि पहिल्या पानावर आपलं नाव ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

"हे एकच प्रकरण आहे म्हणतात ते," बाई म्हणाल्या. "मोजा."

अधिकारिणीनं पहिली वही उघडली. "वेळ लागेल याला. बसा."

मास्तरांनी दोन खुर्च्या पायानं ओढून टेबलाला लावल्या, आणि दोघं बसले.