एकोणीस दात

‘घरात कोणी जेन्ट्स नाहीत का, मॅडम?’ सर्व्हिस सेंटरमधल्या त्या टायवाल्याने असं विचारलं आणि किशोरीने तिथेच ठरवलं, गाडीचा टायमिंग बेल्ट आपल्या दारात बदलायचा. जेन्ट्स होते. दोन वर्षांपूर्वी गेले. आणि ज्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हेही ह्या शहाण्याला सापडलं नव्हतं, तिचं इंजिन नवऱ्याने, देवेशने, अकरा वर्षांपूर्वी नवीन पनवेलच्या त्यांच्या अंगणात खोललं होतं. बनियनवर.

गाडी लाल, जपानी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार. गल्लीतले लोक तिला खेळणं म्हणायचे. म्हणोत. ह्या लोकांची हौस टीव्हीच्या इंचांपलीकडे कधी गेली नाही. पण बेल्ट जुना झाला होता. तो चालत्या गाडीत तुटला की इंजिनाचा चुरा, आणि मग गाडी भंगारात. देवेशचं एवढंच एक वेड घरात उरलं होतं, ते भंगारात जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून तिने बुधाजीला बोलावलं. बुधाजी उरणकडचा कोळी, बंदरात वीस वर्षं देवेशच्या हाताखाली क्रेनवर काम केलेला.

सकाळी आठला तो आला. अकरापर्यंत पट्टे, इंजिनाचं पुढचं चाक, वरची झाकणं सगळं जुन्या चादरीवर ओळीने मांडून झालं होतं. झाकणामागून बेल्ट दिसला. काळा, दातेरी, वरच्या दोन चाकांवरून खाली गेलेला. दोन्ही चाकांवर कंपनीने कोरलेली खूण होती, आणि त्या खुणांमध्ये बेल्टचे एकोणीस दात यायला हवेत, असं देवेशच्या मॅन्युअलमध्ये पेन्सिलने अधोरेखित केलेलं होतं.

बुधाजीने मोजले. परत मोजले. मग कपाळ पुसलं.

‘वहिनी, अठराच हायत.’

‘नीट बघा.’

‘तीनदा बगितलं. एक दात कमी हाय. साहेबानं बसवताना चुकवला. म्हनून ती तशी लंगडत व्हती.’

लंगडत. गाडी उभी असली की इंजिन धड-धड-हुक, धड-धड-हुक करायचं. गाडी कोपऱ्यावर आली की तो आवाज ऐकून लेक सई पुस्तक टाकून गेटकडे पळायची आणि किशोरी कुकरखालचा गॅस बारीक करायची. कर्नाळ्याच्या चढावर एस.ट्या त्यांना मागे टाकायच्या. देवेश स्टिअरिंगवर बुक्की मारायचा, आणि आपट्याला नदीकाठी पोचेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. प्लग बदलले, फिल्टर बदलला, फ्युएल पंप बदलला. दर रविवारी इंजिनावर वाकलेला. मायलेकी दारातून हसायच्या.

‘साहेबानं नाही चुकवला,’ किशोरी म्हणाली. ‘मी मोजले होते.’

तो दिवस तिला लख्ख आठवला. बेल्ट दोन्ही हातांनी ताणून धरलेला, घाम डोळ्यांत, आणि देवेश म्हणाला होता, ‘तू मोज. क्रोशाचे टाके मोजतेस तसे.’ तिने तसेच मोजले. क्रोशात ओळीची सुरुवातीची साखळी हाच पहिला खांब धरतात, म्हणून खुणेवरचा दातच तिने एक धरला. दुसऱ्या खुणेवर एकोणीस आले. ती म्हणाली, एकोणीस. त्याने पाना फिरवून आवळलं.

हा माणूस झोपताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघायचा. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुकानदाराला परत वाचायला लावायचा. कुणावर म्हणून विश्वास नव्हता त्याचा. तिने मोजलेले दात मात्र नऊ वर्षांत त्याने एकदाही तपासले नाहीत. सगळं इंजिन शोधलं, तेवढं सोडून.

बुधाजी खाली बघत म्हणाला, ‘एक सांगू का वहिनी? तसाच बसवतो. इंजिन फुटनार नाय, एवडी वरसं चाललंच की. आवाज साहेबाचा ऱ्हाईल. सईताई सासरशी आली की…’

किशोरीला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. मग रागच आला. बुधाजीचा नाही, स्वतःचा. साहेबाचा आवाज म्हणे. देवेशला तो आवाज कधी आवडला होता? आवडायचा तो त्या दोघींना. तो बिचारा त्या आवाजाशी भांडत गेला, आणि आता त्याची हार जपून ठेवायची, रविवारी लावून ऐकायची आणि डोळे पुसायचे? ह्याला आठवण म्हणतात का?

‘एकोणीस घ्या,’ ती म्हणाली.

नवा बेल्ट चढवायला दुपारचे दोन वाजले. खुणेवरचा दात तिने शून्य धरला आणि मोठ्याने एकोणीसपर्यंत मोजत गेली. बुधाजी लगेच पाना उचलायला लागला.

‘आधी तुम्ही मोजा.’

‘तुमी मोजलंत ना. माजा इस्वास हाय.’

‘असू दे. मोजा.’

त्याने मोजले. एकोणीस. मग हाताने इंजिन दोन फेरे फिरवलं, काही अडत नाही ना ते पाहिलं, आणि तिने त्याला परत मोजायला लावलं. तो पुटपुटला, ‘साहेब बरा व्हता.’ पण मोजले.

सगळं जागेवर बसवून संध्याकाळी किशोरीने किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं आणि एकसारखं घुमत राहिलं. सुरेख आवाज होता, आणि पूर्णपणे परका. बुधाजी बॉनेटवर हात ठेवून हसत होता. ती हसली नाही.

‘एकदा मोजायचंस ना रे,’ ती बाजूच्या सीटला म्हणाली आणि पहिला गिअर टाकला. पळस्प्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागल्यावर कर्नाळ्याच्या चढावर तिने एका एस.टी.ला मागे टाकलं, आणि मग पुढच्या वळणावर गाडी कडेला घेऊन बराच वेळ तशीच बसून राहिली. इंजिन चालूच होतं.